सात नंबरचा बोकड

ज्या जागी आपण एखादा मुका जीव स्वतःच्या हातांनी वाढवला, ती जागा आपल्याला आयुष्यभर ओळखते, असे मी बरीच वर्षे मानत होते. गेल्या महिन्यात वारज्याला त्या जागेवर गेले, तेव्हा रखवालदाराने माझा फोटो काढला, मोबाईलवर आलेला आकडा विचारला आणि तरीही आत सोडण्याआधी बी विंगमध्ये कोणाकडे जायचे ते सांगा म्हणाला. बी विंगमध्ये माझे कोणी नाही. मी कुलकर्ण्यांकडे म्हणून सांगितले. पुण्यात एवढ्या मजल्यांच्या इमारतीत कुलकर्णी असतातच.

आता बी विंगची लिफ्ट आहे तिथे आमच्या शाळेची शेड होती. चार लोखंडी खांब, वर पत्रे, खाली मुरूम. लिफ्टमध्ये लिंबाचा कृत्रिम वास येत होता. मी डोळे मिटून पाहिले, पण त्याच्या आड दुसरा वास काही सापडेना. एक बाई कुत्र्याला घेऊन आत आल्या आणि कितवा मजला म्हणून विचारू लागल्या. मी बाहेर आले.

तो वास मला अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे. सगळ्यात वर मुताचा, नाकात झणझणणारा. त्याच्याखाली सुबाभळीच्या ओल्या पाल्याचा, जरा हिरवट, जरा कच्च्या शेंगेसारखा. त्याखाली फिनेलचा. आणि तळाशी बोकडाचा स्वतःचा, जो आधी किळसवाणा वाटतो, मग कपड्यांना लागतो, आणि मग एके दिवशी वर्गात आपल्याच बाहीला नाक लावून आपण तो शोधत असतो. आई मला दारातच कपडे बदलायला लावायची. ते कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि त्या बादलीला आमच्या घरात ‘प्रकल्पाची बादली’ असे भारदस्त नाव होते.

ते दिवस नव्याचे होते. टीव्हीवर चॅनेल वाढत होते. बाबांच्या ऑफिसात संगणक येणार म्हणून आधी निषेधाच्या सभा झाल्या, आणि मग ते नक्की कोणाच्या टेबलावर येणार यावरून भांडणे झाली. आमच्यासारखी पेठेतली कुटुंबे जागा अपुरी पडते म्हणून कर्वेनगरला फ्लॅटमध्ये आली होती आणि इथे भाजी चांगली मिळत नाही म्हणून दर रविवारी मंडईत जात होती. सगळे शहर पुढे बघत होते. अशा वेळी आमच्या शाळेने मातीकडे वळायचे ठरवले.

लिमये सर कार्यानुभव शिकवायचे. तोवर कार्यानुभव म्हणजे खडू तयार करणे आणि फिनेल तयार करणे. त्यांपैकी खडू मोडायचे आणि फिनेल आम्हीच संडासात वापरायचो. कोणा दात्याने शाळेला बारा करडे दिली. बाराच्या बारा नर. माद्या उपयोगाच्या असतात, त्यामुळे दानात येत नाहीत. सरांनी प्रार्थनेनंतर सबंध शाळेपुढे भाषण केले. मातीशी नाळ, श्रमाचे मोल, उद्याचा उद्योजक. करडे मागे टेंपोत एकसारखी ओरडत होती, त्यामुळे उद्योजकाबद्दल सर नक्की काय म्हणाले ते शेवटच्या रांगांना ऐकू आले नाही. आम्ही शेवटच्या रांगेत होतो.

आठवीतल्या चोवीस मुलांच्या बारा जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीला एक करडू. सरांनी पुठ्ठ्यावर नियम लिहून शेडच्या खांबाला बांधले होते. जनावराला नाव द्यायचे नाही, नंबर आहे. जनावराच्या संगोपनाची जबाबदारी जोडीची. फेब्रुवारीत प्रदर्शन भरेल, त्या दिवशी वजने होतील. ज्यांचे जनावर सगळ्यात जास्त भरेल त्या जोडीला कोथरूडला नव्याने निघालेल्या संगणक वर्गात मोफत प्रवेश. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेंपो येईल आणि जनावरे घेऊन जाईल. पंधरा किलोच्या आतले जनावर व्यापारी घेत नाही. तेवढे वाचून सर थांबले आणि चष्मा सारखा करत म्हणाले, “नापास जनावर ज्याचं त्यानं घरी न्यायचं.”

सगळे हसले. माझी जोडीदार हसली नाही. तिचे नाव सुजाता. तिचे वडील टेलिफोन खात्यात होते, घर वारज्यातच, शाळेपासून चालत पाच मिनिटांवर. दारातून आत गेले की समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचे कपाट, आणि कपाटात आमच्या घरापेक्षा जास्त पुस्तके. ती वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिची वेणी इतकी घट्ट असायची की तिच्या कपाळाकडे पाहून माझे दुखायचे.

कामाची वाटणी सरांनीच केली. सकाळी शाळेआधी एकाने शेड झाडायची, लेंड्या काढायच्या, पाला घालायचा. संध्याकाळी शाळेनंतर दुसऱ्याने खुराक द्यायचा आणि वहीत नोंद करायची. सकाळी ज्यांच्या हातात झाडू होता त्यांची आडनावे आणि संध्याकाळी ज्यांच्या हातात पेन होते त्यांची आडनावे एका कागदावर लिहिली असती, तर सरांनाही काहीतरी दिसले असते. सरांनी दोन कागद केले होते. सुजाताने तिचा कागद वाचला, घडी घातली आणि दप्तरात ठेवला. मी माझा वाचला आणि मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू.

आमच्या करडाला सात नंबर मिळाला. काळा, एका कानावर पांढरा ठिपका, आणि दुसऱ्या कानात पिवळा बिल्ला. बिल्ला मारला तेव्हा तो ओरडला नाही, फक्त खूप वेळ डोके एका बाजूला कलते धरून उभा राहिला, जणू कोणीतरी आत काहीतरी सांगते आहे. नाव द्यायचे नाही हा नियम सुजाताने कधी मोडला नाही. ती त्याला अहोजाहो करायची. “अहो सात, सरका जरा. अहो, पाय द्या इकडे.” झाडूच्या दांड्याने खुरातला मुरूम काढताना ती एवढ्या अदबीने बोलायची, की शिपाई दगडूमामा पलीकडून विचारायचे, “पावणं आल्यात का कुणी?” दगडूमामा शिवण्याचे. त्यांच्या घरी शेळ्या होत्या. सरांना शेळ्यांविषयी काही अडले की ते पुस्तक उघडायचे. दगडूमामा तेव्हा शेजारीच उभे असायचे.

पावसाळ्याचे महिने आठवतात ते पत्र्यांवरच्या आवाजाने. करडे एकमेकांना चिकटून उभी असायची आणि बारा तोंडांची रवंथ चालू असायची. पाऊस थांबला की तेवढाच आवाज उरायचा, कोणीतरी ओले कागद सावकाश चुरगाळत असल्यासारखा. संध्याकाळी मी खुराक घालायची. सात नंबर घमेल्यात तोंड घालण्याआधी माझ्या फ्रॉकचा खिसा हुंगायचा. बाबा मंडईतून फ्लॉवरचा आणि कोबीचा बाहेरचा पाला मागून आणायचे, भाजीवाल्या त्यांना ‘बकरीवाले साहेब’ म्हणायला लागल्या होत्या, आणि सरकारी नोकरीत कधी लाभला नाही तो मान त्यांना त्यात मिळत असावा. हिवाळ्यात मटाराची साले. साले खाताना सातच्या दाढांतून एक बारीक, ओलसर टचटच यायची. जगात मला तेव्हा त्याहून समाधानाचा आवाज माहीत नव्हता. पुढेही फार सापडले नाहीत.

रविवारी वजन. पोत्याची झोळी करून करडाला तिच्यात घालायचे आणि ताणकाट्याला टांगायचे. चारही पाय झोळीच्या भोकांतून खाली लोंबायचे आणि प्राणी एकदम शांत व्हायचा. जमीन गेली की ओरडण्यात अर्थ नाही, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मुले वजनाआधी पाणी पाजायची, कोणी झोळीवर हळूच बोट ठेवायचे. एका जोडीने करडाला मिठाचा खडा चाटायला दिला, त्याने अर्धी बादली पाणी ढोसले आणि त्या आठवड्यात त्यांचा पहिला नंबर आला. सरांनी त्यांचे कौतुक केले. उद्याचे उद्योजक ओळखण्यात सर चुकले नव्हते.

संक्रांतीच्या सुमारास सात नंबर चौदा किलो भरला. त्या दिवशी झोळी सोडताना सुजाता मला बाजूला घेऊन गेली. कॅनॉलच्या भिंतीवर बसलो. कॅनॉल तेव्हा वाहता होता, आता बुजवून त्यावर सायकलींसाठी मार्ग केला आहे आणि त्यावर मोटारी उभ्या असतात.

“चौदा झाला. आता थांबवायचा,” ती म्हणाली. “पंधराच्या आत राहिला तर परत मिळतो. माझ्या मामानं शिवण्याला जागा करून ठेवलीय त्याची. तू संध्याकाळचं निम्मं घाल, मी सकाळचं निम्मं घालते.”

“आणि क्लास?”

“क्लास काय, होईल कधीतरी.”

मला क्लास हवा होता. तो किती हवा होता ते आज सांगणे अवघड आहे. त्या वर्गात चपला बाहेर काढून जायचे असते, आत थंड असते आणि पडद्यावर हिरवी अक्षरे उमटतात, एवढेच मी ऐकले होते. बाबांच्या टेबलावर तो संगणक शेवटी आला नव्हता. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे, आणि आम्ही न बोलता फार मोठ्याने राहायचो.

मी सुजाताला म्हटले, “पण तुमच्याकडे तर मटण खातात ना?”

“खातो की. दर रविवारी.” ती पाण्याकडे बघत होती. “ह्याला नाही खाणार.” मग म्हणाली, “तुमच्याकडे खात नाहीत. म्हणून तुला चालतंय.”

मी म्हटले, बरं, निम्मं घालते.

आमच्या घरी गोग्रास काढायची पद्धत होती. पहिली पोळी गाईची. पेठेत असताना खाली एक गाय फिरत यायची. कर्वेनगरला गाय नव्हती, तरी पोळी निघत होती, कारण पद्धत गाईवर अवलंबून नसते. ती पोळी गच्चीवर ठेवली जायची आणि कावळे नेत. बोकड आल्यावर आईने त्यातून मार्ग काढला. “चार पायांचं आहे ना, चालेल,” ती म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाईची पोळी, तूप लावून, मी डब्यातून न्यायची. संक्रांतीनंतर आई एकीऐवजी तीन द्यायला लागली, कारण मी तशी मागणी केली. मुलीत भूतदया वाढते आहे असे तिने आत्याला फोनवर सांगितले.

वहीत मी ‘निम्मा खुराक’ लिहीत होते. अक्षर चांगले होते माझे.

पुढच्या रविवारी सात नंबर साडेचौदा भरला. त्याच्या पुढच्या रविवारी सव्वापंधरा. सुजाताने काटा बोटाने टिचकी मारून पाहिला. तिने सकाळचा पाला आणखी कमी केला, मग बंदच केला. ती पहाटे उठून त्याला कॅनॉलच्या कडेने पळवायला लागली. जाताना तो मागे आणि येताना पुढे असायचा, दावे ताणून, जीभ बाहेर. वजन उतरवायला म्हणून ती पळवायची आणि त्या पळण्याने त्याच्या मांड्या भरत होत्या. सकाळी कडकडीत उपास आणि संध्याकाळी तुपाच्या पोळ्या. आमच्या घरी संकष्टीला सगळे हेच करत, त्यामुळे त्यात काही गैर आहे असे माझ्या मनात आले नाही.

ती एकदा दगडूमामांना विचारत होती, उपाशी ठेवूनही जनावर वाढतं का हो? मी खांबामागे होते. दगडूमामा म्हणाले, “जितराब हाय ते. त्याला कळतंय आपल्याला कोन कशासाठी घालतंय.” मग त्यांनी माझ्या दिशेने पाहिले की फक्त मान वळवली, यावर मी किती संध्याकाळी घालवल्या ते सांगत नाही.

प्रदर्शन शनिवारी होते. शुक्रवारी आमच्याकडे आजोबांचे वर्षश्राद्ध आले. आई म्हणाली, दोन दिवस शेडमध्ये जायचे नाही, सोवळ्याचे काम आहे. मी सुजाताला सांगितले की गुरुवार-शुक्रवार तूच बघ. तिचा चेहरा एकदम उजळला, आणि मला वाटले, एवढ्याशा सुट्टीने कोणाला आनंद होतो का. ते दोन दिवस सात नंबर पूर्णपणे तिचा होता. तिने त्याला पाणी दिले आणि मूठभर पाला दिला. दोन दिवस तो दाव्याची दोरी चघळत होता, हे मला नंतर कळले.

श्राद्धाला यायचे ते पाच नातेवाईक आले नाहीत. पुरणपोळ्या उरल्या. शनिवारी भल्या सकाळी, सुजाता पोचायच्या आधी, मी पहिल्यांदाच सकाळी शेडवर गेले. एका डब्यात गाईचे अख्खे पान: भात, वरण, खीर. दुसऱ्यात बारा पुरणपोळ्या. सातने माझा खिसा हुंगला नाही. त्याने डबाच ओढला. तो असा खात होता, की घशातून पोळी उतरताना बाहेरून दिसत होती. बारा. मग त्याने बादलीत तोंड घातले आणि बादली संपेपर्यंत वर काढले नाही. त्याच्या मिशांना तूप लागले होते. मी ते माझ्या रुमालाने पुसले. त्याने डोळे मिटून घेतले. त्या सकाळी माझ्याइतके प्रेमळ शेडमध्ये कोणीही नव्हते.

आठ वाजता सुजाता आली. शाळेच्या गणवेशाला इस्त्री, वेणीला नवी रिबन. दुरूनच दगडूमामांना ओरडून सांगत आली, “मामा, पावणेपंधरा. काल संध्याकाळी दोनदा मोजला.”

अकरा वाजता वजने झाली. सात नंबर साडेसतरा भरला. पाव किलोने पहिला.

टाळ्या झाल्या. सुजाता झोळी सोडायला वाकली, आणि तशीच राहिली. तिने त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला, मग बोटांनी वाजवून पाहिले. पखवाजासारखा आवाज आला.

“काय घातलंस?” तिने हळू आवाजात विचारले.

“पोळ्या.”

“किती?”

“बारा. पुरणाच्या.”

“तुपाच्या?”

“हो. आणि भात.”

ती म्हणाली, “आमच्याकडे सणालाही एवढ्या होत नाहीत.”  मी त्या दिवसानंतर पुष्कळ कठोर माणसे पाहिली, त्यांतल्या काहींच्या हाताखाली कामही केले, पण इतक्या कमी शब्दांत काम उरकणारे कोणी भेटले नाही.

दगडूमामांनी लांबूनच ओळखले. “पोट फुगलंय त्याचं. गोडं तेल पाजायला पायजे. अन् फिरवत ऱ्हावा, बसू देऊ नका.” सुजाता सरांकडे गेली. सरांनी सांगितले की पाहुणे येईपर्यंत रांगेतले एकही जनावर हलता कामा नये. पहिले आलेले तर नाहीच, त्याच्या गळ्यात हार घालायचा आहे. तेल कार्यक्रमानंतर. मंडपात झेंडूचा वास होता. बारा बोकड रिबिनी बांधून रांगेत उभे. पाच नंबर स्वतःची रिबन खात होता. सात उभा होता, मागचे पाय फाकवून, दात किंचित खात. त्याचे पोट दोन्ही बाजूंनी इतके गोल झाले होते, की येणारे पालक थांबून म्हणत, किती गुटगुटीत.

व्यासपीठावर दोन पाहुणे होते. एक जनावरांचे डॉक्टर, परीक्षक म्हणून आलेले. त्यांनी शेळ्यांच्या सर्वसाधारण आजारांवर पाऊण तास भाषण केले. त्यात पोटफुगीवरही बराच भाग होता, लक्षणे आणि उपाय, तपशीलवार. सात नंबर त्यांच्यापासून दहा पावलांवर होता. दुसरे पाहुणे अमेरिकेत राहून आलेले आणि संगणक वर्ग काढणारे. ते म्हणाले की येणारे शतक हे संगणकाचे आहे, आणि संगणक आणि पशुपालन यांत एक साम्य आहे: आत जे घालाल, तेच बाहेर येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी ते वाक्य लिहून घेतले.

आम्हाला प्रमाणपत्र मिळाले. दोघींनी एका कागदाची एकेक बाजू धरायची असे फोटोवाल्याने सांगितले. त्या फोटोत सुजाता कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती चौकटीच्या बाहेर, डावीकडे खाली बघते आहे. मी हसते आहे. माझे दात चांगले होते तेव्हा.

पाच वाजता राष्ट्रगीत झाले. साडेपाचला टेंपो आला. व्यापारी बारीकसा माणूस होता, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत वर ओढलेले. एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि मान हलवायचा. जनावर फळीवरून वर जायचे. आत गेले की ओरडणे थांबायचे. जोड्यांपैकी काही मुली रडल्या, दोन मुलगेही. सर त्यांना म्हणाले, हेच खरे शिक्षण. व्यापारी सातपाशी आला, त्याने कुशीत बोटे रुतवली, आणि हात पायजम्याला पुसला.

“ह्यो नको. ह्यो रात्र काढत न्हाई.”

सुजाता पुढे आली. “नको म्हणजे परत?”

व्यापाऱ्याने सरांकडे बघितले. सरांनी खांबावरच्या पुठ्ठ्याकडे बघितले. पुठ्ठ्यावर वजनाविषयी होते, पोटाविषयी नव्हते, पण घाई होती आणि पाहुण्यांचा चहा थांबला होता. ते म्हणाले, “व्यापाऱ्यानं नाकारलं म्हणजे परतच. न्या.”

तिने खाली वाकून त्याच्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या हातात दिला. दावे मनगटाला गुंडाळले. “अहो सात, चला,” ती म्हणाली. “घरी चला.”

दगडूमामांनी स्टाफरूमच्या स्टोव्हपाशी असलेले गोडे तेल चहाच्या कपातून आणले. तिने त्याचा जबडा उचकून ते पाजले, अर्धे तिच्या बाहीवरून गेले. मग दोघे शिवण्याच्या रस्त्याला लागली. मी मागून दहा पावलांवर. मला कोणी ये म्हटले नव्हते. रस्ता तेव्हा एकपदरी, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि मधेच एखादी नवी पाटी: येथे भव्य गृहप्रकल्प. ऊन पाटीच्या मागून येत होते. ती त्याच्याशी बोलत चालली होती. माझ्या मामाच्या शेतात लिंबाचे झाड आहे, त्याच्याखाली तुमची जागा आहे, शेजारी एक म्हैस आहे, ती जरा भांडखोर आहे, पण तुम्ही लक्ष देऊ नका. तो चार पावले टाकायचा आणि थांबायचा. मग दोन टाकायचा आणि थांबायचा.

रस्त्यात एक रसवंती होती. यंत्राला घुंगरू बांधलेले, चाक फिरले की छुमछुम. तिथवर तो आला. गुडघे टेकले, मग कुशीवर पडला, आणि चारही पाय ताठ करून काहीतरी ढकलत असल्यासारखा झाला. तिने त्याला उठवायला दोन्ही हात पोटाखाली घातले. हात पोहोचेनात. रसवंतीवाल्याने यंत्र बंद केले. घुंगरू एकदा वाजून थांबले. तोंडातून हिरवा-पिवळा फेस आला, आणि त्याला वेलदोड्याचा वास होता. पुरणाचा. तो वास मी लिफ्टमध्ये शोधला नाही, कारण तो मला शोधावा लागत नाही. दर होळीला घरात असतो.

ती बराच वेळ बसून होती. कानातला बिल्ला तिने सरळ केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू जा आता. तुझं क्लासचं पत्र घ्यायचं राहिलंय.”

मी गेले. पत्र घ्यायचे खरेच राहिले होते.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. चपला बाहेर काढायच्या होत्या, आत थंड होते, अक्षरे हिरवी होती. दोघींत एक संगणक. सुजाता येईल असे मला वाटले नव्हते. ती पहिल्या दिवशी माझ्याआधी आली होती, आणि सहा महिन्यांत एकही दिवस चुकली नाही. ती माझ्याहून झपाट्याने शिकली. माझे काही चुकले की ती माझा हात न लागेल अशा बेताने बोट पुढे करून योग्य कळ दाबायची. सहा महिन्यांत ती माझ्याशी जेवढे बोलली ते सगळे संगणकाविषयी होते. त्या वर्गाच्या जोरावर मी पुढे हिंजवडीत वीस वर्षे बऱ्यापैकी नोकरी केली. ती काय करते मला ठाऊक आहे. तिचा फोन नंबरही माझ्याकडे आहे. आमच्या दोघींकडे एकमेकींचे नंबर आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत एकीनेही चुकूनसुद्धा फोन लावलेला नाही.

मी त्या जागेवर गेले त्याचे कारण एवढेच, की शाळेची स्मरणिका निघते आहे. पशुपालन प्रकल्पाविषयी दोन पाने हृद्य आठवणी लिहाव्यात, असे समितीने कळवले. शाळेला मिळालेली ती जमीन, सरांची दूरदृष्टी, ते कष्टाचे दिवस. आठवायला मदत व्हावी म्हणून समितीने लिमये सरांचा त्या वर्षीचा अहवाल स्कॅन करून पाठवला. सर आता नाहीत. अहवाल त्यांच्याच वळणदार अक्षरात आहे, उद्दिष्टे, कार्यवाही, पाहुण्यांचे ते वाक्य, सगळे आहे. शेवटच्या पानावर मरतूक म्हणून एक रकाना आहे आणि तिथे शून्य लिहिले आहे. मी आधी चिडले. मग वर पाहिले, तर प्रकल्पाची मुदत शनिवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत होती. सात नंबर मेला तेव्हा पावणेसात झाले होते. सरांचा रकाना बरोबर आहे.